डिझायनरला क्रिएटिव्ह कोडिंग शिकायचंय : सुरुवात कुठून करावी?

अक्षरवेल

नमस्कार. मी नाशिकला ग्राफिक डिझायनर आहे. काम मुख्यतः पॅकेजिंगचं, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंकांची मुखपृष्ठं व आतली सजावट. इलस्ट्रेटर आणि कोरल हातातले. हल्ली कोडने केलेली चित्रं सतत समोर येतात. हजारो बारीक रेषा एकाच प्रवाहात वळत गेलेली पोस्टरं, आवाज चढला की जाड होणारी अक्षरं. नुसतं बघून समाधान होत नाही, मला ती स्वतः करायची आहेत.

अडचणी सांगते. प्रोसेसिंग, पीफाइव्ह, पायथन, टचडिझायनर अशी बरीच नावं वाचली, पण कशाला हात घालावा कळत नाही. गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. माझं जवळजवळ सगळं काम मराठीत असतं, तर देवनागरी यात धड चालते का? आणि यातून छापखान्यात देण्याजोगं काही निघतं, की सगळं स्क्रीनपुरतंच राहतं?

नोकरी सांभाळून शिकायचंय. रात्री तासभर मिळतो.

पश्चिमघाट

पायथन घ्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, नव्या मुलांना आम्ही त्यावरच बसवतो. दोन-तीन महिने भाषा पक्की करा. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, लिस्ट, मग ऑब्जेक्ट. चित्रं त्यानंतर आपोआप जमतील. पाया कच्चा राहिला की पुढे पावलोपावली अडतं.

बिंदूरेषा

पश्चिमघाट, प्रोग्रॅमर घडवायचा असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. डिझायनरसाठी मी क्रम उलटा सांगेन. पुण्यात डिझाइनच्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवतो आणि दर बॅचला तेच दिसतं : पहिल्या दिवशी पडद्यावर काही उमटलं नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मनाने गेलेला असतो. ही मुलं डोळ्यांनी विचार करतात. लिस्ट आणि ऑब्जेक्ट त्यांना समजतात, पण हातातल्या चित्राला त्यांची गरज पडली की मगच.

प्रोसेसिंगचा जन्मच या गरजेतून झाला. एमआयटी मीडिया लॅबमध्ये जॉन माएडा यांनी १९९९मध्ये 'डिझाइन बाय नंबर्स' नावाची चिमुकली भाषा केली. १०० बाय १०० पिक्सेलचा चौकोन, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा, एवढंच तिचं जग. त्यांच्याच गटातल्या केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये प्रोसेसिंग सुरू केलं, ते जावावर उभं होतं. २०१३मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी तीच कल्पना जावास्क्रिप्टमध्ये आणायला घेतली, ती पीफाइव्ह. तिचा एडिटर ब्राउझरमध्ये उघडतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, जुना लॅपटॉपही चालतो.

अक्षरवेलताई, तुम्ही पीफाइव्ह घ्या. टचडिझायनर उत्तम आहे, पण त्याची खरी जागा स्टेजवरची दृश्यं, प्रोजेक्शन, संगीताबरोबर चालणारे व्हिडिओ. तुमचं काम कागदावर उतरतं.

पहिल्या रात्री एवढंच करा. एक चौकोन काढा. लूप लावून त्याचे दहा करा, एका ओळीत. मग लूपमध्ये दुसरा लूप घालून दहा ओळी. आता प्रत्येक चौकोनाचा फक्त एक गुण त्याच्या स्तंभाच्या क्रमांकावर अवलंबून ठेवा. डावीकडे छोटा, उजवीकडे मोठा. किंवा डावीकडे सरळ, उजवीकडे तिरका. इथे तुम्ही शंभर चौकोन काढलेले नसतात, एक नियम लिहिलेला असतो. इलस्ट्रेटरमध्ये हेच 'ब्लेंड'ने होतं, मग कोड कशाला असं वाटेल. दुसऱ्या रात्री तो नियम बदलून बघा : आकार मधोमध असलेल्या बिंदूपासूनच्या अंतरावर ठरू दे. तिसऱ्या रात्री तो बिंदू म्हणजे माउस असू दे. त्यानंतर हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

अडलं की डॅनियल शिफमन यांचं 'कोडिंग ट्रेन' यूट्यूबवर आहे, फार प्रेमाने शिकवतात. मात्र व्हिडिओंची मालिका ओळीने बघत बसू नका. बघताना सगळं समजतं, रिकाम्या एडिटरसमोर काहीच आठवत नाही. एक व्हिडिओ बघितला की तो बंद करून त्यातली एक गोष्ट आपल्या चित्रात घालायची.

आणि पहिल्या आठवड्यातच स्वतःचं एक खरं काम ठरवा. मुखपृष्ठ असेल, एखाद्या खोक्यावरचा पॅटर्न असेल. मी ज्यांना टिकलेलं पाहिलं त्या प्रत्येकाकडे असं एक काम होतं, जे त्याला कोड नसतानाही करायचंच होतं.

गणूमास्तर

मी निवृत्त गणित शिक्षक, सातारा. कोड फारसा येत नाही, पण नातीला पीफाइव्हमध्ये मदत करतो म्हणून सांगू शकतो. ताई, लागणारं गणित तुम्ही शिकलेलं आहे.

'मॅप' नावाचं एक फंक्शन सतत वापरतात. माउस ० ते ४००मध्ये हलतो, मला वर्तुळ १० ते ८०मध्ये हवंय, तर कितीला किती? हे त्रैराशिक आहे. 'मॉड्युलो' म्हणजे भागाकारातली बाकी. क्रमांकाला ३ने भागून बाकी ० आली की लाल, १ आली की पिवळा, २ आली की निळा, झाली रंगांची आवर्तनं. दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे पायथागोरस, आणि ते काढायलाही तयार फंक्शन आहे.

दोन गोष्टींना मात्र सवय करावी लागते. एक, इथे वाय वरून खाली वाढतो. आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात. आलेखवहीच्या उलट. दुसरी, कोन रेडियनमध्ये असतात, अर्धं वर्तुळ म्हणजे π (पाय, सुमारे ३.१४). अंशांत हवे असतील तर सुरुवातीला एका ओळीत तसं सांगता येतं.

साइन-कोसाइनचं भय बाळगू नका. त्रिकोण विसरा. साइन ही −१ ते +१ यांच्यामध्ये संथपणे वर-खाली होणारी संख्या आहे, एवढं धरून चाला. श्वास घेतल्यासारखं हलणारं काहीही हवं असेल तिथे ती वापरायची.

अक्षरवेल

मास्तर, मॅप म्हणजे त्रैराशिक हे वाचून फार धीर आला. बिंदूरेषा, चौकोनांचं केलं. माउसचंही केलं, आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

आता 'रँडम'वर आलेय. सगळं रँडम केलं की सगळ्या आवृत्त्या सारख्याच दिसतात. प्रत्येक वेळी वेगळं चित्र येतं पण परिणाम तोच, विस्कटलेला. हे असंच असतं का?

बिंदूरेषा

इथून पुढे डिझायनरचं काम सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मनीचे गेओर्ग नेस यांचं 'शॉटर' नावाचं चित्र शोधून बघा, १९६०च्या दशकातलं, प्लॉटरने, म्हणजे संगणकाच्या हुकमावर पेन चालवणाऱ्या यंत्राने काढलेलं. चौकोनांची जाळी, आडवे १२ आणि उभे २२. वरच्या ओळी अगदी शिस्तीत. खाली येता येता चौकोन थोडे फिरतात, जागा सोडतात, आणि तळाशी नुसता ढीग. त्यात रँडमच आहे, पण त्याची मात्रा ओळीच्या क्रमांकाने गुणलेली आहे. पहिल्या ओळीला जवळजवळ शून्य, शेवटच्या ओळीला भरपूर. म्हणून डोळा वरून खाली प्रवास करतो. तुमच्या चित्रात मात्रा सगळीकडे सारखी आहे, त्यामुळे डोळ्याला जायला जागाच नाही. रँडमला लगाम कुठे घट्ट आणि कुठे सैल, हे ठरवणं म्हणजे रचना. ते तुम्हाला येतं, वर्षानुवर्षं तेच करताय.

व्हेरा मोल्नार यांच्याकडूनही हे शिकता येतं. जन्म बुडापेस्टचा, काम पॅरिसमध्ये, २०२३मध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर गेल्या. त्यांना संगणक मिळाला १९६८मध्ये. पण १९५९पासून त्या 'काल्पनिक यंत्र' मानून काम करत होत्या : नियम स्वतःच ठरवायचा आणि हाताने, एकेक पायरी न चुकता पाळायचा. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला तास असाच देतो, कागद आणि फासा घेऊन. फासा पडेल तसं पुढच्या रेषेचं वळण. तासाभरात त्यांना कळतं की नियम रटाळ असेल तर चित्र रटाळच येतं, संगणक त्यात काही भर घालत नाही.

आता 'नॉइज'. रँडमच्या दोन लागोपाठच्या संख्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. नॉइजमध्ये शेजारच्या संख्या शेजारीच राहतात, हळूहळू बदलतात. केन पर्लिन यांनी १९८२च्या 'ट्रॉन' चित्रपटासाठी काम केल्यानंतर हे शोधलं, कारण संगणकाची चित्रं फार यांत्रिक दिसत होती. १९८५मध्ये शोधनिबंध आला आणि १९९७मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, डोंगर, संगमरवर, सगळीकडे तोच आहे.

तुम्ही सुरुवातीला ज्या प्रवाही रेषांबद्दल लिहिलंत त्या यातूनच निघतात. कागदावरच्या प्रत्येक ठिकाणाला नॉइजची एक संख्या असते. तिचा कोन करायचा. कुठेही एक बिंदू ठेवायचा, त्या ठिकाणच्या कोनाच्या दिशेने छोटं पाऊल टाकायचं, नव्या ठिकाणचा कोन विचारायचा, पुन्हा पाऊल. अशी शंभर पावलं म्हणजे एक रेषा, आणि हजार रेषा म्हणजे पोस्टर. टायलर हॉब्ज यांची २०२१ची 'फिडेन्झा' ही ९९९ चित्रांची मालिका याच तत्त्वावर आहे. पण त्यातलं देखणेपण येतं कुठून? रेषांची जाडी किती प्रकारची, त्या एकमेकींना छेदू द्यायच्या की नाहीत, रंग कुठल्या प्रमाणात, या निर्णयांतून. तत्त्व सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे.

दोन बारकावे, जे शोधायला वेळ जातो. नॉइजला देताना एक्स आणि वाय थेट देऊ नका, ०.००५ने गुणून द्या. थेट दिले तर शेजारच्या संख्यांचा संबंध तुटतो आणि पुन्हा रँडमच दिसतो. दुसरं, पीफाइव्हचा नॉइज ० ते १मध्ये येतो खरा, पण बहुतेक संख्या ०.५च्या आसपास घोटाळतात. त्यामुळे कोन एक पूर्ण वर्तुळ धरला तर सगळ्या रेषा एकाच बाजूला कलतात. दोन वर्तुळं धरा, वळणं मोकळी होतात.

आणि 'सीड' आजच लावून घ्या. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला रँडमला आणि नॉइजला एकेक संख्या द्यायची. तीच संख्या दिली की तेच चित्र पुन्हा येतं. फाइल सेव्ह करताना ती संख्या नावातच जाऊ दे. नाहीतर क्लायंट म्हणणार "मागच्या वेळचं ते दुसरं छान होतं", आणि ते जगात कुठेही उरलेलं नसणार.

टोक

मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं आता एआय लिहून देतं. त्या प्रवाही रेषांसाठी 'फ्लो फील्ड काढ' म्हटलं की दहा सेकंदांत कोड. मग महिने घालून शिकायचं कशासाठी?

पश्चिमघाट

आमच्या ऑफिसात सगळे वापरतात, मीही वापरतो. ते वापरावंच. पण जो कोड वाचता येत नाही तो दुरुस्तही करता येत नाही, हे आम्ही रोज अनुभवतो.

बिंदूरेषा

टोक, प्रश्न रास्त आहे. वर्गात मी एआय बंद ठेवत नाही. होतं असं की पहिलं चित्र झटकन मिळतं, आणि ते इतर सगळ्यांना मिळालेल्यासारखंच असतं. ते तुझं करायचं तर तुला म्हणावं लागतं, 'वळणं डावीकडे अजून संथ हवीत, कडेला रेषा विरळ व्हायला हव्यात.' त्यासाठी कुठली संख्या हलवायची हे तुला माहीत असेल तर दोन मिनिटांत पन्नास शक्यता डोळ्यांनी तपासतोस. माहीत नसेल तर वाक्यं लिहून लिहून थकतोस. माझं मत विचारशील तर लूप, मॅप, नॉइज आणि पुश-पॉप एवढं स्वतःच्या हाताने लिहायला शीक, एआयशिवाय. त्यानंतर एआयकडून काहीही लिहून घे.

पुश-पॉपवर खास भर देतो, कारण डिझायनर तिथेच हमखास अडकतात. पीफाइव्हमध्ये 'रोटेट' म्हटलं की चौकोन फिरत नाही, कागद फिरतो, तोही डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती. म्हणून आधी कागद चौकोनाच्या जागी सरकवायचा, मग फिरवायचा, मग चौकोन शून्य-शून्यवर काढायचा. पुश म्हणजे कागदाची आत्ताची स्थिती जपून ठेव, पॉप म्हणजे तिथे परत ये. प्रत्येक आकाराभोवती ही जोडी लावायची सवय ठेवली की चित्र पडद्याबाहेर पळत नाही.

ताणाबाणा

मी इचलकरंजीत टेक्स्टाइल डिझायनर. हा धागा बघून राहवलं नाही. आमच्या क्षेत्राला हे परकं नाहीच. जॅकार्डचा माग १८०४चा, भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा. नक्षी म्हणजे 'हा धागा वर, तो खाली' अशी हुकुमांची यादी.

मी पीफाइव्ह रिपीटसाठी, म्हणजे कापडभर जोड न दिसता पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसाठी वापरते. ट्रुशेच्या फरशा करून बघा, फ्रान्सच्या ट्रुशे यांनी १७०४मध्ये मांडलेली गोष्ट. कर्णावर दोन रंगांत विभागलेला एकच चौकोन, तो चार दिशांना फिरवून लावायचा. एवढ्यातून संपत नाहीत इतक्या नक्ष्या निघतात. आणि कडेला जोड कळत नाही, कारण प्रत्येक तुकडा तोच असतो.

मोकळ्या आकारांचा रिपीट हवा असेल तर एक युक्ती. जो आकार उजव्या कडेबाहेर जातोय तो रुंदी वजा करून डाव्या कडेलाही काढा. खालचा तसाच वर. कोपऱ्यातला चारही कोपऱ्यांत. कोडमध्ये हे तीन-चार ओळींत बसतं आणि रिपीट कधीच चुकत नाही. हाताने करताना कोपरा नेमका नजरेतून सुटतो.

अक्षरवेल

ताणाबाणा, आमच्याकडच्या एका मिठाईच्या खोक्यासाठी ही युक्ती तातडीने वापरतेय. धन्यवाद!

बिंदूरेषांच्या सांगण्यावरून माझं खरं काम ठरवलंय. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, ठिपक्यांच्या रांगोळीवर. आई १५ ते ८ ठिपक्यांची काढायची, तीच घ्यायची आहे. आणि मग अंकाचं नाव त्याच ठिपक्यांतून उमटलेलं. ठिपके कसे मांडू? जाळी सरळ नाहीये, एकाआड एक सरकलेली आहे.

गणूमास्तर

१५ ते ८ म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, आणि वर-खाली दोन्हीकडे एकेक कमी होत ८पर्यंत. एकूण ओळी १५. ठिपके मोजा : १५ अधिक दोनदा १४+१३+१२+११+१०+९+८, म्हणजे १६९. हा षट्कोन झाला, प्रत्येक बाजूवर ८ ठिपके.

आता नियम. मधल्या ओळीला शून्य म्हणा, वरच्या −१ ते −७, खालच्या १ ते ७. कुठल्याही ओळीतले ठिपके = १५ वजा ओळीचा क्रमांक, वजाचं चिन्ह सोडून. ओळ मध्यावर बसवायची तर पहिला ठिपका = मध्य वजा (ठिपके वजा एक) भागिले दोन, गुणिले अंतर. ठिपका कमी झाला की ओळ आपोआप अर्ध्या अंतराने सरकते, वेगळं काही करायला नको. आणि दोन ओळींमधलं उभं अंतर आडव्या अंतराच्या ०.८६६ पट घ्या, म्हणजे तीन शेजारी ठिपक्यांचा समभुज त्रिकोण होतो. हे तीनचं वर्गमूळ भागिले दोन. तुमच्या आईच्या बोटांना ते माहीत असणार.

बिंदूरेषा

मास्तर, वा! हे मी वर्गात वापरणार.

ताई, ठिपके एका यादीत साठवून ठेवा, नुसते काढून सोडू नका. कोणते दोन ठिपके जोडायचे हा पुढचा नियम, आणि त्याला ती यादी लागेल. शेजारी म्हणजे ज्यांचं अंतर एका घराएवढं आहे ते. षट्कोनी जाळीत आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. एका षष्ठांशात नियम लावा आणि ६० अंशांनी सहा वेळा फिरवा, मग जे काही येईल ते रांगोळीसारखं दिसेल. संगणकाच्या अंगाने अशा आकृत्यांचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी यांनी १९७०च्या दशकात कोलमच्या, म्हणजे तमिळ रांगोळीच्या नक्ष्यांचं व्याकरण मांडलं होतं.

आता देवनागरी. यावर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून नीट लिहितो.

नेहमीच्या कॅनव्हासवर पीफाइव्हचं 'टेक्स्ट' वापरलं तर अक्षरं बरोबर येतात. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी, सगळं ब्राउझर सांभाळतो. गडबड सुरू होते ती शब्द फोडताना. 'क्षितिज' आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकाकडे ते सात तुकडे आहेत : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. इंग्रजीच्या उदाहरणांत प्रत्येक अक्षर वेगळं नाचवताना शब्द तुकड्या-तुकड्यांत फोडतात. ते जसंच्या तसं उचललं की वेलांट्या ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळताना दिसतात. उपाय आहे. ब्राउझरमध्ये 'इंटल सेगमेंटर' नावाची सोय असते, ती अक्षरांप्रमाणे फोडते. नवे ब्राउझर जोडाक्षर एकत्र ठेवतात, जुने हलन्तानंतर तोडतात. म्हणून स्वतःचा एक नियम वर लावा : तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढच्याला जोडा. मग सगळीकडे चालतं.

तुम्हाला नाव ठिपक्यांत हवंय. त्यासाठी 'टेक्स्ट टू पॉइंट्स' हे फंक्शन सगळे सुचवतील. पीफाइव्हच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे एक-पॉइंटवाल्या मालिकेत, ते ज्या लायब्ररीवर चालतं तिला देवनागरीची जडणघडण माहीत नाही. वेलांटी जागेवर येत नाही, जोडाक्षर सुटं पडतं. त्यामुळे आडवाट घ्या. पडद्यामागे एक न दिसणारा कॅनव्हास करा, 'क्रिएट ग्राफिक्स'ने. त्यावर पांढऱ्यावर काळ्यात अंकाचं नाव लिहा. मग रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी तिथला पिक्सेल काळा आहे का ते विचारा. काळा असेल तर ठिपका मोठा, नाही तर लहान. पिक्सेल डेन्सिटी १ ठेवायला विसरू नका, नाहीतर चांगल्या स्क्रीनवर हिशेब दुपटीने चुकतो.

१६९ ठिपक्यांत पाच अक्षरी नाव वाचता येणार नाही, हे आधीच सांगतो. जाळी बरीच दाट करावी लागेल, किंवा रांगोळी मोठी करून नाव तिच्या पट्ट्यात ठेवावं लागेल. हा निर्णय तुमचा.

फॉन्टसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'अनेक' बघा. मोफत आहे, व्हेरिएबल आहे, जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ यांत हवी तिथे थांबता येते. तुमची आवाजाबरोबर जाड होणारी अक्षरं यात वेब पेजवर सहज होतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, कोडला तो निव्वळ गिचमिड दिसतो.

र. कृ. जोशींची आठवण इथे होतेच. जाहिरातीत आर्ट डायरेक्टर, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिक्षक, आणि विंडोजसोबत आलेल्या 'मंगल'चे रचनाकार. देवनागरी संगणकावर नीट उमटावी म्हणून तंत्रज्ञांच्या शेजारी बसून काम करणारा मराठी डिझायनर आपल्याकडे होऊन गेला. आपण आज जे 'टेक्स्ट' बिनधास्त वापरतो त्याच्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत, आणि ठिपक्यांतली, हलणारी, कोडने घडणारी देवनागरी अजून कितीतरी करायची राहिली आहे. ते काम इंग्रजीत शिकवणारे करणार नाहीत. आपल्यालाच करावं लागेल.

ओव्हरप्रिंट

कोल्हापूर, ऑफसेट. छपाईचा प्रश्न राहिलाय म्हणून लिहितो. पीफाइव्हमधून सेव्ह केलेलं चित्र पिक्सेलचं आणि आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतलं असतं. ए३ला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. ६०० बाय ६००चं चित्र पाठवून 'मोठं करून घ्या' म्हणू नका.

रेषा-ठिपक्यांचं काम व्हेक्टरच पाठवा, म्हणजे पिक्सेलऐवजी बाह्यरेषांची फाइल. हजारो पारदर्शक रेषा एकावर एक असतील तर प्लेट काढताना मशीन तासन्‌तास घोळते, त्यापेक्षा रंग घट्ट ठेवा. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ नको, आणि बारीक रेघ चार रंगांच्या मिश्रणातही नको. रजिस्टर हलला, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, की पुसट दिसते. एकाच रंगात ठेवा.

बिंदूरेषा

अगदी. व्हेक्टरसाठी तीन वाटा. पीफाइव्हला एसव्हीजी या व्हेक्टर फाइलची वेगळी लायब्ररी जोडता येते. किंवा तोच कोड प्रोसेसिंगमध्ये न्यायचा, तिथे पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही मुळातच आहेत. मॅक असेल तर तिसरी वाट सगळ्यांत चांगली : ड्रॉबॉट. टाइप डिझायनर युस्ट व्हान रोस्सुम, एरिक व्हान ब्लोकलँड आणि फ्रेडरिक बेरलार्न यांचं, मोफत. देवनागरी मॅकची स्वतःची व्यवस्था जुळवते, अक्षरांच्या बाह्यरेषा मिळतात, रंग थेट सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत देता येतात आणि पीडीएफ निघतं. ते चालतं पायथनवर, म्हणजे पश्चिमघाट यांचा सल्लाही इथे कामी येतो.

पश्चिमघाट

ड्रॉबॉट माहीत नव्हतं. आज उघडून बघितलं. एका ओळीत कागद, दुसऱ्या ओळीत 'स्त्री' लिहिलं आणि तिच्या बाह्यरेषा हातात आल्या. पायथनमध्ये काही अडलं तर अक्षरवेलताईंनी इथेच विचारावं, मी उत्तर देत जाईन.

अक्षरवेल

माझ्याकडे विंडोज आहे, त्यामुळे प्रोसेसिंगने पीडीएफ काढेन. रांगोळीची जाळी दाट केली, ३९ ते २० ठिपके. नाव मधल्या पट्ट्यात बसवलं आणि वाचता येतंय. शिरोरेषेचे ठिपके सलग मोठे आल्यामुळे ती ठळक दिसते, तो परिणाम मला फार आवडलाय. वेलांटीचा वरचा बाक मात्र तुटतो, तिथे ठिपक्यांच्या मध्येच वळण येतं.

बिंदूरेषा

काळा-पांढरा असा दोनच उत्तरांचा प्रश्न विचारू नका. ठिपक्याभोवतीच्या छोट्या चौकोनात किती टक्के पिक्सेल काळे आहेत ते मोजा आणि ठिपक्याचा आकार त्या टक्क्यांवर ठेवा, मास्तरांच्या त्रैराशिकाने. बाकावर मधल्या आकाराचे ठिपके येतील आणि डोळा ते जोडून घेईल. नाव जाळीवर अर्ध्या घराने वर-खाली सरकवूनही बघा, शिरोरेषा नेमकी एका ओळीवर बसायला हवी.

ओव्हरप्रिंट

तयार झालं की पूर्ण मुखपृष्ठ नको, वेलांटीचा भाग असलेला ए५ एवढा तुकडा पाठवा. चकचकीत आर्ट कार्डवर आणि साध्या मॅपलिथो कागदावर, दोन्हीकडे काढून देतो. मॅपलिथोवर ठिपका फुगतो, त्यामुळे सगळ्यांत लहान ठिपका किती ठेवायचा ते त्यावरूनच ठरेल.